हातभट्टी म्हणा, पण लेखनही म्हणा

‘होमब्रू’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की पहिला हाताशी येतो तो ‘हातभट्टी’. इंग्रजीत तो घरच्या घरी बिअर करणाऱ्या हौशी माणसाचा शब्द आहे आणि त्याला एक प्रकारची घरंदाज प्रतिष्ठा आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये जमलेल्या संगणकवेड्यांनी आपल्या मंडळाचे नाव ‘होमब्रू कंप्युटर क्लब’ असे ठेवले, ते या प्रतिष्ठेच्या जोरावरच. मराठीत मात्र हातभट्टी म्हटली की नवसागर, पोलिसांची धाड आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली विषबाधेची बातमी. हे भाषांतर फसले आहे असे म्हणून पुढे जाता आले असते. परंतु आपल्याकडे या उद्योगाकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ती नजर या भाषांतराने अचूक पकडली आहे.

हा उद्योग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. हाताच्या पंजात मावणारी खेळयंत्रे, म्हणजे गेम बॉय, निन्टेन्डो डीएस, सोनीचे पीएसपी यांसारखे कन्सोल, हे मुळात छोटे संगणकच असतात. त्यांवर कंपनीने परवानगी दिलेले खेळच चालावेत अशी कुलूपबंद व्यवस्था असते. ती ओलांडून, कोणाचाही परवाना न घेता, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम अशा यंत्रावर चालवणे म्हणजे होमब्रू. त्यात बहुधा पैसा नसतो, पदवी नसते, नोकरीही नसते.

माझे म्हणणे असे की हे लेखन आहे. आणि सातारा-सांगली भागातील महाविद्यालयांत ते कुठे उमलत असेल, तर त्याची दखल घेण्याची जबाबदारी संगणक विभागाइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, मराठी विभागाची आहे. साहित्याच्या प्राध्यापकांना हे म्हणणे विनोदी वाटेल. वाटू द्यावे. विनोद कुणावर होतो आहे ते पुढे पाहू.

आधी कुलपाविषयी. १९८९ च्या गेम बॉयमध्ये यंत्र सुरू होताच कार्ट्रिजमधले ४८ बाइट तपासले जातात. त्या बाइटांत निन्टेन्डोचे बोधचिन्ह असते. ते यंत्रातल्या प्रतीशी तंतोतंत जुळले नाही, तर यंत्र तिथेच थांबते. म्हणजे या पाटीवर स्वतःचे एक अक्षर उमटवायचे तर आधी कंपनीचे नाव गिरवले पाहिजे. ग्रंथारंभी गणेशाला नमन करण्याची आपली रीत निदान ऐच्छिक होती. नमन केले नाही म्हणून पोथी उघडायची थांबत नसे. पुढच्या यंत्रांनी नमनाच्या जागी गणिती सही आणली. डिसेंबर २००४ मध्ये जपानात आलेल्या पीएसपीचे पहिले फर्मवेअर सहीविना लिहिलेले प्रोग्रॅमही चालवत असे. कंपनीने पुढल्या आवृत्तीत ती फट बुजवली. मग हौशी मंडळींनी नव्या फटी शोधल्या: कधी छायाचित्र उघडण्याच्या सोयीतील दोष, कधी एखाद्या खेळाची साठवलेली अवस्था वाचताना होणारी गफलत, तर २००७ साली चक्क बॅटरीत केलेला बदल. कंपनीने बुजवायचे, त्यांनी उकरायचे, हे वर्षानुवर्षे चालले.

कुलूप ही तांत्रिक अपरिहार्यता आहे असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. बांडाई कंपनीच्या वंडरस्वान या यंत्रासाठी २००० साली ‘वंडरविच’ नावाचा संच विक्रीला होता. तो घेऊन कुणीही घरी खेळ लिहावा, अशी त्यामागची कल्पना. कोरियातले जीपी३२ हे यंत्र २००१ साली जवळपास उघड्या दारानेच आले. २०२२ च्या प्लेडेट या इवल्या पिवळ्या यंत्राची लेखनसाधने कंपनी फुकट देते. तेव्हा कुलूप हा धंद्याचा निर्णय आहे. यंत्र स्वस्तात विकायचे आणि त्यावर लिहिणाऱ्यांकडून परवान्याचे शुल्क घ्यायचे, असा तो हिशेब. वाचनाचा अधिकार विकत मिळतो आणि लेखनाचा अधिकार दुकानात ठेवलेलाच नसतो. साक्षरतेचा इतिहास शिकवणाऱ्यांना ही मांडणी ओळखीची वाटायला हवी. वाचता येणाऱ्यांची संख्या वाढवायला फारसा विरोध नसतो. कोण लिहितो यावरच भांडणे होतात.

आता चोरीचा आरोप. तो खोटा नाही. डीएससाठी मिळणारी आरफोर नावाची कार्डे ज्यांनी घेतली, त्यांतल्या बहुसंख्यांनी ती फुकटच्या खेळांसाठीच घेतली. ज्या दारातून हौशी लेखक आत जातो, त्याच दारातून चोरही जातो आणि चोरांची रांग मोठी असते. हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. होमब्रूचे काही समर्थक ते मान्य करत नाहीत, आणि मग त्यांचे बाकीचे म्हणणेही कुणी ऐकत नाही. पण हा आरोप साहित्याच्या विभागातून व्हावा याचे मात्र नवल वाटते. आपले एम.ए.चे कितीतरी वर्ग झेरॉक्सवर उभे आहेत. २०१६ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांच्या विरोधात आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानाच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा ज्ञानाच्या मुक्ततेचा विजय झाला असे आपणच म्हणालो. झेरॉक्सचे यंत्र शिक्षणाचे साधन ठरते आणि एका मुलाने आपल्या मालकीच्या खेळयंत्रात घातलेले कार्ड गुन्ह्याचे साधन ठरते, हा भेद कोणत्या तत्त्वावर?

कायद्याच्या तत्त्वावर तरी नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ कायदेशीर ताबा असलेल्या माणसाला प्रोग्रॅमचे कामकाज निरखण्याची, अभ्यासण्याची, तपासण्याची मुभा देते. स्वतंत्रपणे रचलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून चालवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याचीही देते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आले. त्यात तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी तोडणाऱ्याला त्यातून वगळलेले आहे. अर्थात तिथेही एक मासलेवाईक अट आहे: अशा कामात दुसऱ्याला साहाय्य करणाराने त्या दुसऱ्याचे नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवावी. (हातभट्टीवाल्यानेही गिऱ्हाइकांची वही ठेवावी, असे म्हटल्यासारखेच हे झाले.) अमेरिकेतला १९९८ चा कायदा याहून पुष्कळ कडक आहे. तिथे २०१२ साली खेळयंत्रांसाठी मागितलेली सूट नाकारली गेली. आपल्या कायद्याने ठेवलेली ही फट निदान शिक्षणसंस्थांनी वाचलेली तरी असावी.

परंतु माझे खरे भांडण कंपन्यांशी नाही. कंपन्या कंपन्यांसारख्या वागतात.

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातील विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी माझ्या परिचयाचा आहे. मुंबईहून एका नातेवाइकाने आणलेल्या जुन्या निन्टेन्डो डीएसवर त्याने एक खेळ लिहायला घेतला. खेळणारा एस.टी.चा कंडक्टर. प्रवासी चढतो, गावाचे नाव सांगतो, आणि कंडक्टरने योग्य सामान्यरूप करून तिकीट फाडायचे: कराडला, फलटणला सोपे, पण विटा असेल तर विट्याला, खंडाळा असेल तर खंडाळ्याला, शिराळा असेल तर शिराळ्याला, मिरज असेल तर मिरजेला. चुकले की गाडी खोळंबते आणि मागचे प्रवासी ओरडू लागतात. व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांनी सामान्यरूपाची जी रया घालवली आहे, ती पाहता या खेळाच्या कर्त्याला मी व्याकरणकारांच्या पंगतीत बसवायला तयार आहे.

आता या मुलापुढच्या अडचणी पाहा, कारण त्या निव्वळ संगणकाच्या नाहीत. फोनवर किंवा मोठ्या संगणकावर आपण मराठी टंकतो तेव्हा अक्षरे जुळवण्याचे काम पडद्याआड दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेली आज्ञावली करत असते. डीएसवर असे कुणी नाही. चार मेगाबाइट स्मृती, २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे दोन पडदे, आणि बाकी सारे तुम्ही. अशा यंत्रांवर अक्षरे परंपरेने आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसवतात. रोमन लिपी त्यात सुखाने नांदते. देवनागरीचे काय होते ते चौकटीच्या कागदावर करून पाहावे: शिरोरेषेला एक ओळ, वरच्या मात्रा-वेलांट्या-अनुस्वाराला किमान दोन, खालच्या उकाराला दोन, उरलेल्या तीन ओळींत ‘क्ष’ काढा पाहू. म्हणून चौकट सोळाची करावी लागते, आणि मग पडद्यावर बाराच ओळी मावतात. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण काढायची व्यंजनाच्या आधी. तेव्हा यंत्राला मागे वळून पाहायला शिकवावे लागते. ‘ट’ला दंड नाही, म्हणून विट्याला या शब्दातला ‘ट्य’ वेगळा कोरावा लागतो. म्हसवडचा ‘म्ह’, महाबळेश्वरचा ‘श्व’, खंडाळ्याचा ‘ळ्य’, एकेक गाव एकेक जोडाक्षर मागते.

आणि सर्वांत मोठी पंचाईत केली ती साताऱ्याने. ‘सातारा’ लिहायला काही त्रास नाही. पण ‘ला’ लावला की ‘साताऱ्याला’ होते, आणि तिथे तो आडवा, पापणीसारखा र लागतो, जो मराठीला हवा असतो आणि हिंदीच्या बेताने घडवलेल्या लिपीव्यवस्थांना अनेकदा ठाऊकच नसतो. तो नसेल तर रफार येतो, आणि आपण वर्गात गमतीने सांगतो तो अनर्थ होतो: आचाऱ्यास द्यायची दक्षिणा आचार्यास जाते, दऱ्यांचा दर्या होतो. युनिकोडमध्ये हा र दोन वाटांनी लिहिला जातो. एक, नुक्ता असलेला ‘ऱ’, त्याला हलन्त, मग ‘य’. दुसरी जुनी वाट म्हणजे साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य सांधणारे चिन्ह, आणि मग ‘य’. डोळ्यांना दोन्ही ‘साताऱ्याला’ सारखेच. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. परिणामी या मुलाच्या खेळात काही दिवस असे चालले होते की खेळणाऱ्याने अचूक उत्तर द्यावे आणि यंत्राने ते चूक ठरवावे. कारण कोशातला शब्द एका वाटेने लिहिलेला आणि उत्तरातला दुसऱ्या. हा दोष त्याने शोधला, निस्तरला. शोधताना त्याला मराठी लेखनाविषयी जे कळले, ते शुद्धलेखनाच्या नियमांवर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, याचा अंदाज मी इथे लिहीत नाही.

यात नवे काय, असे कुणी विचारील. खरे तर काहीच नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरापासून खिळे पाडणाऱ्या आणि जुळवणाऱ्या माणसांनी हेच प्रश्न शिशात सोडवले. अखंड टाइप करावा की मात्रा वेगळ्या पाडून वरून बसवाव्यात, शेकडो खिळ्यांची पेटी हाताच्या टप्प्यात कशी मांडावी, यावर त्यांनी आयुष्ये घातली. मुद्रणाच्या इतिहासाला आपण वाङ्मयीन संस्कृतीचा भाग मानतो, त्यावर प्रबंध लिहवून घेतो. मग तेच काम ठिपक्यांत करणारा पोर ‘गेम खेळणारा’ कसा ठरतो?

तो तसा ठरला, हे सांगायला हवे. प्रकल्प म्हणून हा खेळ त्याने सादर करायचे ठरवले, तेव्हा संगणकाच्या बाजूने सांगण्यात आले की खेळ हा प्रकल्प होऊ शकत नाही, आणि त्यात मराठी घातल्याने तर त्याचे ‘उपयोजन’ काहीच राहत नाही. मराठीच्या बाजूने सांगण्यात आले की हा तांत्रिक विषय आहे, आपल्या कक्षेतला नाही. शेवटी त्याने ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली सादर केली. त्या वर्षी त्या वर्गात ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली आणखीही काही जणांनी सादर केल्या होत्या. त्या ग्रंथालयाचे व्यवस्थापन आजही कपाटातल्या रजिस्टरांवरच चालते. एका बाजूला भाषा नको असलेले तंत्र, दुसऱ्या बाजूला तंत्र नको असलेली भाषा, आणि दोघांनी मिळून एका चांगल्या कृतीला अनाथ केले. आमच्या परिसंवादांत ‘माहिती तंत्रज्ञान आणि मराठी’ हा विषय मात्र दरवर्षी असतो. त्यात मराठी ज्ञानभाषा व्हावी असे एकमताने ठरते. चहा होतो.

हे सगळे फोनवर का करू नये, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येकाच्या खिशात मराठी दाखवणारा फोन असताना वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राशी झटापट कशाला? माझे उत्तर असे: फोन हे एका माणसाच्या डोक्यात मावणारे यंत्र नाही. त्यावरचा प्रोग्रॅम म्हणजे इतरांनी रचलेल्या थरांवर ठेवलेला शेवटचा पापुद्रा. जुने हँडहेल्ड यंत्र मात्र एका माणसाला, चिकाटी असेल तर, आरपार कळू शकते. ओवी-अभंगाच्या बंधनात लिहिणाऱ्याला भाषेची जी झीज आणि जो चिवटपणा कळतो, तो मुक्त पानावर लिहिणाऱ्याला कळेलच असे नाही, हेही तसेच. आणि फोनवरही दुकानदार आहेतच, फक्त त्यांचे कुलूप अधिक गुळगुळीत आहे.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्याचा अभिमान तिथल्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतो. ते कसे झाले, याकडे लक्ष द्यावे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि तसे काही मराठीत कर, असे भाव्यांना सांगितले. परक्या घडणीचा खेळ होता; त्याची आपल्या भाषेसाठीची आवृत्ती कुठे तयार मिळत नव्हती. भाव्यांनी हाताशी होते त्यावर भागवले: कीर्तनाची पदे, सूत्रधार, सोंगे. बाहुल्या घडवण्याचे कसबही त्या माणसाच्या हातात होते. आजच्या शब्दांत याला होमब्रूच म्हणावे लागेल. फरक इतकाच की त्यांना एक राजा भेटला, ज्याने हा आपल्या कक्षेतला विषय नाही असे म्हटले नाही.

भाव्यांच्या नाटकांचे आणखी एक सांगण्यासारखे आहे. पदे लिहिलेली असत, पण पात्रांची भाषणे प्रसंगी उत्स्फूर्त होत. ती लेखन मानली गेली नाहीत, म्हणून कुणी उतरवून घेतली नाहीत. मराठी रंगभूमीवरचे पहिले गद्य संवाद कसे होते हे आपण आज अदमासानेच बोलतो.

होमब्रूची आजची गत याहून वेगळी नाही. हे प्रोग्रॅम जुन्या स्मृतिकार्डांवर असतात आणि ती कार्डे कायमची टिकत नाहीत. कंपन्यांची अधिकृत दुकानेही बंद होतात. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू यांची दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली, तर परवान्याविना लिहिलेल्या गोष्टींना कोण विचारतो? शिवाय यंत्रावर चालते ती प्रत म्हणजे भाजलेली वीट असते. मातीचा आकार, म्हणजे मूळ संहिता, कर्त्याच्या कुठल्या तरी संगणकात, आणि तो संगणक विकलेला. इथे लागते ते कौशल्य संगणकाच्या अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. ते आपल्याकडे शिकवले जाते, पाठचिकित्सा या नावाने. कोणती प्रत आधीची, कोणता पाठ कर्त्याचा आणि कोणता लेखनिकाचा, दोन प्रतींत फरक का पडला, हे प्रश्न पोथ्यांवर घासून आपण धारदार केलेले आहेत. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा, आणि त्यामागे वाईत सापडलेले कागद आहेत. रद्दी म्हणून जाऊ शकले असते असे कागद. त्याच वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. तेव्हा सातारा जिल्ह्याला निदान ‘ही परंपरा आमच्याकडे नाही’ असे म्हणता येणार नाही.

मागणी फार मोठी नाही. दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या मराठी विभागाने अशा कृती संहितेसह मागवाव्यात, त्यांच्या प्रती ठेवाव्यात, त्यांवर एखाद्या विद्यार्थ्याला लघुप्रबंध लिहू द्यावा, आणि तपासताना कर्त्याला ‘उपयोजन काय’ असे विचारू नये. कवितेला आपण ते विचारत नाही.

त्या मुलाच्या कार्डावर आज खेळाच्या सात प्रती आहेत. तो आता पुण्याला नोकरी करतो आणि कोणती प्रत शेवटची हे त्यालाही खात्रीने सांगता येत नाही. तीन प्रतींत साताऱ्याचा र जुन्या वाटेने लिहिलेला आहे, दोहोंत नव्या. एका प्रतीत गावांच्या यादीत म्हसवड नाही. तो वगळला की आधी नव्हताच, कळत नाही. आणि एक प्रत अशी आहे की तिच्यात विट्याचे तिकीट कितीही प्रयत्न केला तरी निघत नाही, प्रवासी दारातच उभा राहतो.